हिरवा हुरडा आणि दंडावरचं बटण

भाकरीची साखर कशी होते, हे मी आयुष्यभर शिकवलं. समोर सातवी-आठवीची पोरं, मागं फळा आणि फळ्यावर मी काढलेलं पोट. ते पोट दरवर्षी वांग्यासारखंच यायचं, खाली नाव लिहायचो म्हणून ओळखू यायचं. घास तोंडात गेला की लाळ कामाला लागते, भाकरीतला स्टार्च फुटायला तिथंच सुरुवात होते, पुढं लहान आतड्यात त्याचं ग्लुकोज होतं आणि ते रक्तात उतरतं, हे मी इतक्यांदा सांगितलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगीन. 'स्वादुपिंड' म्हटलं की पोरं फिदीफिदी हसायची. मग मी शाळेच्या शिपायाचं उदाहरण काढायचो. प्रार्थना संपली की सगळी पोरं व्हरांड्यात येतात, हे झालं रक्तातलं ग्लुकोज. वर्गांना कुलपं आहेत, त्या झाल्या पेशी. आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन येणारा शिपाई म्हणजे स्वादुपिंडानं धाडलेलं इन्सुलिन. तो एकेक दार उघडतो, पोरं आत जाऊन बसतात, व्हरांडा मोकळा होतो. उरलेली पोरं यकृत नावाच्या हॉलमध्ये बसवायची, लागतील तशी बाहेर काढायची. शिपाई आलाच नाही, नाहीतर कुलपं गंजली, की पोरं व्हरांड्यात धिंगाणा घालणार आणि खिडक्या फोडणार. त्याला मधुमेह म्हणतात.

उदाहरण चांगलं होतं. पोरांना ते पाठ व्हायचं. सांगणाऱ्या मास्तरच्या डोक्यात तेवढं काही शिरलं नव्हतं.

निवृत्तीच्या जरा आधी माझ्याच व्हरांड्यात पोरं साचल्याचं कळलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! गोळ्या सुरू झाल्या. गारखेड्यातली डॉक्टर माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. वर्गात बडबड करते म्हणून एकदा मी तिला बाहेर उभं केलं होतं आणि ती ते विसरलेली नाही, असा माझा संशय आहे. फार गोड बोलते. 'सर, सर' करत माणसाला भिंतीला टेकवते.

तिला फसवायला मला काही वर्षं छान जमलं. रक्त द्यायचं असलं की आधीचे आठ दिवस मी संत व्हायचो. काकडी, मेथी, वरणाचं पाणी. पहाटे उठून सिडकोच्या बागेत फेऱ्या. रिपोर्ट असा यायचा की फ्रेम करून भिंतीला लावावा. दवाखान्यातून निघालो की सरळ गुलमंडीवर इमरती. पास झाल्यावर पेढे वाटतात तसं. पण पुढं तिनं तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी सांगितली. त्या तपासणीपुढं आठ दिवसांचं संतपण चालत नाही. कागद बघून ती हसली आणि म्हणाली, सर, तुम्ही परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करणाऱ्यांतले निघालात. मग हसू आवरून म्हणाली की गोळ्या आता वाढवता येत नाहीत. दंडाला एक सेन्सर लावते, दोन आठवडे तो दर थोड्या वेळानं फोनवर साखरेचा आकडा सांगत राहील. त्या आकड्यांची जेवणानंतरची रेघ खाली आली तर बरं, नाहीतर संक्रांतीनंतर इन्सुलिन सुरू करू.

मला दरदरून घाम फुटला. 

आमच्या घरात त्या सुईला शेवटची सुई म्हणतात. वडिलांना, म्हणजे आमच्या नानांना, शुगर होती. अंगठ्याला जखम झाली, ती वर चढली, पाय गुडघ्याखाली काढला, सुई सुरू झाली आणि महिन्याच्या आत वडील गेले. सुई लागली आणि माणूस गेला, एवढंच सगळ्या भावकीच्या डोक्यात बसलं. माझ्यासुद्धा. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. शाळेत मी इन्सुलिनला किल्लीवाला शिपाई म्हणायचो आणि घरी आलो की तेच मला यमाचं बोलावणं वाटायचं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात शेजारी शेजारी राहिल्या, त्यांचं कधी भांडण म्हणून झालं नाही. त्यामुळं संक्रांतीच्या आत ती रेघ खाली आणायची आणि ती सुई टाळायची, यापलीकडं मला दुसरं काही सुचेना.

सेन्सर म्हणजे पांढरं बटण, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं. त्याचा केसाएवढा तंतू कातडीखाली जातो. मी डोळे गच्च मिटून, दात आवळून बसलो होतो. थोड्या वेळानं, 'लावा आता' म्हणालो तर ती म्हणाली, सर, लावून झालं, शर्ट घाला.

घरी येऊन मी मोहीम उघडली. गहू बंद. ज्वारी म्हणजे शुगरचं औषध, ही आमच्या मराठवाड्याची श्रद्धा आहे. ज्याच्या घरी शुगर निघते त्याला शेजारीपाजारी पहिलं सांगतात की पोळी सोडा, भाकरी धरा. औषध म्हटल्यावर ते कमी कशाला घ्यायचं? पहिल्या दुपारी पिठलं, ठेचा आणि तव्यावरच्या तीन भाकरी मी औषध म्हणून हाणल्या आणि फोन समोर ठेवून बसलो. तासाभरात रेघ दौलताबादच्या किल्ल्यासारखी चढली. मी फोन बंद करून सुरू केला. रेघ आणखी वर.

मी चिडलो. हे यंत्र परदेशात पाव खाणाऱ्यांसाठी बनवलंय, आपल्या ज्वारीची त्याला काय अक्कल, असं मी बायकोला सुनावलं. ती भांडी घासत होती. मागं न बघता म्हणाली, "अहो, ज्वारीत पीठच असतंय ना? का मधी हवा भरलेली असते?"

हे वाक्य मी वर्गात पोरांना कितीदा तरी म्हटलेलं आहे. गव्हापेक्षा ज्वारी जरा सावकाश पचते, पण तीन भाकरींचं ग्लुकोज शेवटी तीन भाकरींचंच होणार. मला हे ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि ताटावर बसल्यावर आठवणं यात फार अंतर आहे.

दुसऱ्या दिवसापासून बायकोनं ताट हातात घेतलं. आधी काकडी आणि मेथीची भाजी, मग घट्ट वरण, सगळ्यात शेवटी एक भाकरी. तीसुद्धा ती पातळ थापायची. जेवण झालं की मला हाताला धरून खाली नेऊन सोडायची. आणि काय सांगू, रेघ खाली आली. किल्ला गेला, टेकडी राहिली. पोटात आधी भाजीपाला असला की साखर रक्तात हळूहळू उतरते. चालताना पायाचे स्नायू शिपायाची वाट न बघता साखर स्वतःच आत ओढून घेतात. यातली अक्कल सगळी बायकोची. पण चार दिवसांत अख्ख्या बिल्डिंगला मी अशी व्याख्यानं दिली की जणू शोध माझाच. खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ मला बघून जिन्यात थांबायचे बंद झाले. मी मात्र हवेत होतो. सुई टळली, असं मी मनातल्या मनात लिहूनही टाकलं होतं.

अशात धाकट्या भावाचा फोन आला. हुरडा आलाय, रविवारी या.

आमचं शेत पैठण रोडला आहे. आई तिथंच भावाजवळ असते. पौषात हुरड्याची आगटी पेटली की आम्ही जातोच, न जाणं म्हणजे भांडण केल्यासारखं होतं. बायकोनं निघतानाच बजावलं होतं की चव बघा आणि उठा. मी तिला गाडीत, वळसा घालून चिकलठाण्याच्या मेव्हण्याला घेतल्यावर पुढच्या वाटेत, नीट समजावून सांगितलं की हुरडा म्हणजे काही धान्य नव्हे. धान्य वाळल्यावर होतं. हुरडा कोवळा असतो, ओला असतो, हिरवा असतो. मेथी हिरवी, काकडी हिरवी, हुरडा हिरवा. शास्त्रीय दृष्ट्या त्याला भाजीच म्हटलं पाहिजे. मेव्हणा मागच्या सीटवरून म्हणाला, बरोबर आहे, मास्तर आहेत ते. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि वर साक्षीदारही मिळाला.

ज्यांनी आगटीवरचा हुरडा खाल्ला नाही त्यांना माझी अडचण कळायची नाही. भाकरी मोजता येते. तिसरी घेतली की घरचे बघतात. हुरड्याला मोजमाप नाही. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसलेली असतात, एकजण ती फिरवत बसतो, दुसरा तळहातावर चोळून दाणे पाडतो, फुंकर मारतो आणि तसेच वाफाळते दाणे तुमच्या पुढ्यात ओततो. गार झाला की मजा गेली, म्हणून लगेच खावा लागतो. तुम्ही खाल्ला की जागा रिकामी दिसते, रिकामी दिसली की पुन्हा ओततात. नको म्हटलं तर भाऊ म्हणतो, "दादा, एवढा गरम हाय तवर." त्यात गूळभेंडी ज्वारीचा हुरडा, दुधाळ, नावासारखाच गोड. लसणाची चटणी, दही. मी मांडी ठोकून बसलो.

गूळ आला तेव्हा मात्र मी हात आडवा केला. रेवड्या आल्या, त्याही परतवल्या. भावजय म्हणाली, भाऊजींचा लई निग्रह. मेव्हणा म्हणाला, याला म्हणतात शिकलेला माणूस. मी मान खाली घालून तो मान स्वीकारला आणि आणखी एक मूठ तोंडात टाकली. गूळ न खाल्ल्याचं पुण्य एवढं झालं होतं की त्याच्यावर अजून दोन-चार मुठी सहज खपतील असं वाटलं.

मग बायकोच्या पर्समध्ये ठेवलेला माझा फोन ओरडायला लागला. मी म्हणालो, कंपनीवाल्यांचा जाहिरातीचा फोन असणार, उचलू नको. फोन थांबला आणि पुन्हा ओरडला. तिसऱ्यांदा तिनं तो बाहेर काढला, चष्मा लावला आणि सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचलं, "तीनशेदहा. आणि बाण अजून वरच आहे."

 भावानं चोळलेले दाणे हातातच धरून ठेवले. मेव्हण्यानं विचारलं की भाजीनं एवढी चढते का. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी म्हणालो, चालल्यावर उतरते, बघाच तुम्ही, आणि तिच्याकडून फोन घेऊन, पायात चपला सरकवून बांधावरून निघालो. तुरीच्या कडेनं एक फेरी, विहिरीच्या बाजूनं दुसरी. घसा कोरडा पडलेला, दर थोड्या वेळानं तुरीच्या आड जावं लागत होतं. भावाचं कुत्रं माझ्यामागं येत होतं, तेही दुसऱ्या फेरीला कंटाळून परत गेलं. साठीचा माणूस, बाही वर करून, फोन दंडाला लावून उन्हात बांध तुडवतोय. माझ्या एखाद्या विद्यार्थ्यानं बघितलं असतं तर त्याला धडा चित्रासह कळला असता. फोनवरचा आकडा तीनशेच्या खाली यायला तयार नव्हता. मी थकलो. आणि तेव्हा डोक्यातली सगळी हवा उतरली. रेघ खाली आणणारा मी नव्हतोच, बायकोचा हात होता. तो सुटला की मी असा. सुई लागणार, हे मला त्या बांधावर कळलं.

आई बोरीच्या सावलीत घोंगडीवर बसली होती. मला हातानं बोलावलं, बसवलं, पाण्याचा तांब्या पुढं केला. मग दंडाकडं बघून विचारलं, ते काय चिकटवलंय. मी सांगितलं. साखर मोजतंय. जास्त निघाली की सुई घ्यायला लावणार आहेत. आणि कुणापुढं बोललो नव्हतो ते तिच्यापुढं बोललो, की मला भीती वाटते. नानांसारखं व्हायचं.

 आई आगटीच्या धुराकडं बघत बोलली, आवाज अगदी साधा होता.

"तुझ्या बापाला सुई आधीच सांगितली व्हती. पाय काढायच्या लई आधी. दवाखान्यातून आणलीबी व्हती. माठाखालच्या वल्ल्या वाळूत ठिवली, गारव्याला. पर म्या टोचू दिली नाय."

मी तांब्या खाली ठेवला.

"समदे म्हणायचे, सुई लागली की माणूस उठत नाय. म्या म्हणलं, नको. ते म्हणले, तू म्हणतीस तर नको. मंग पाय गेला. मंग दवाखान्यात दाक्तरांनीच टोचली. तवर काय राहिलं व्हतं?"

म्हणजे आमच्या घरातली गोष्ट उलटी होती. सुईनं माणूस गेला नव्हता, सुईवाचून गेला होता. आणि मी, ज्यानं त्याच वर्षी फळ्यावर स्वादुपिंड काढून पोरांची उत्तरं तपासली होती, त्यानं घरात आधी काय आणि नंतर काय झालं एवढंसुद्धा कधी विचारलं नाही. आईवर रागावावं असं मनात आलं नाही. तिला कोण सांगणार होतं? घरात शिकलेला एकच होता आणि तो शहरात भाड्याच्या खोलीत शिपायाचं उदाहरण तयार करत बसला होता.

"तू टोचून घी," आई म्हणाली. "माझ्यासमोर घी. मला बघू दी."

आम्ही तिला त्याच संध्याकाळी गाडीत घालून घरी आणलं. संक्रांतीची वाट बघितली नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आईलाही सोबत नेलं. डॉक्टरनं फोनमधला रविवारचा डोंगर बघितला आणि इन्सुलिनचं पेन कसं धरायचं ते शिकवलं. चुकल्यावर वर्गाबाहेर उभं करायची सोय दवाखान्यात नसते, हे माझं नशीब. मी विचारलं, हे कायमचं का? ती म्हणाली, सर, शिपाई थकलाय, आपण बाहेरून एक पाठवतोय. माझंच उदाहरण, मलाच परत.

रात्रीच्या जेवणाला आई माझ्यासमोर पाटावर बसली. बायकोनं ताटं मांडली. मी शर्ट वर केला, पोटाची चिमूट धरली आणि तिथंच अडकलो.  बायको म्हणाली, मी टोचू का? मी नको म्हणालो. आई नुसती बघत होती. तिच्या त्या बघण्याखाली मी सुई आत घातली, बटण दाबलं, डॉक्टरनं सांगितलं तेवढं थांबलो आणि बाहेर काढली.

"दुखलं का रं?" आईनं विचारलं.

"नाही, आई." मी इतका खूश झालो होतो की हसायलाच लागलो. "कळलंसुद्धा नाही."

"काहीच नाय?"

"काहीच नाही. मुंगी तरी चावल्यावर कळते."

 तिनं पदर तोंडाला लावला.

"मला वाटलं व्हतं," ती म्हणाली, "त्यांना लई दुखंल."

मी इमरती खाऊन डॉक्टरशी खोटं बोललो, हुरड्याची भाजी करून बायकोशी खोटं बोललो, फोन ओरडत असताना अख्ख्या आगटीशी खोटं बोललो. आणि जिथं एवढंसं खोटं बोलायला हवं होतं, तिथं नेमकं मला खरं सुचलं. तिच्या जवळ जाऊन बसलो तर तिनं मला हातानं दूर सारलं. सुई घेतल्यावर वेळेत जेवावं लागतं, हे दवाखान्यात तिनंही ऐकलं होतं. डोळे न पुसताच तिनं भाजीचं पातेलं ओढलं आणि आधी भाजी वाढली, मग वरण, मग अर्धी भाकरी. मी जेवायला लागेपर्यंत तिनं ताटावरचा हात काढला नाही.